खाजण, खारफुटी आणि मिठागर : क्षेत्रभेटीची पूर्वतयारी



इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांची या वर्षाची क्षेत्रभेट माघ वद्य पंचमीच्या सुमारास काढण्याचे आम्ही योजिले आहे. सकाळी चोडण बेटावरील खारफुटीचे वन आणि दुपारनंतर पेडणे तालुक्यातील आगरवाडा येथील मिठागरे, असा हा एका दिवसाचा कार्यक्रम आहे. एरवी क्षेत्रभेटीचे परिपत्रक अर्ध्या पानात संपते. या वेळी वार्तापत्राची पाने मुद्दाम मागून घेतली, कारण विश्वस्त मंडळाच्या बैठकीत आणि पालकसभेत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. तिथे बघण्यासारखे काय आहे? तारीख रविवारी का नाही? आणि चिखलपाण्यात मुलांना नेणे सुरक्षित आहे का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती सविस्तर द्यावी असे आम्हांस वाटले.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. आपल्या डिचोली तालुक्याला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे 'खारे पाणी' म्हटले की आपल्या मुलांना कळंगुट किंवा मोरजी आठवते. प्रत्यक्षात खारे पाणी आपल्या दारापर्यंत येते. मांडवी नदीत भरतीचा परिणाम समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. पावसाळ्यात वरून येणाऱ्या पुरामुळे नदीचे पाणी जवळजवळ गोडे होते. पाऊस संपला की खारटपणा हळूहळू वर सरकू लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत तो सर्वांत जास्त असतो. मये, नार्वे, पिळगाव या आपल्या गावांच्या सखल शेतांना म्हणूनच बांध घालावे लागले. पेडण्यात उत्तरेला तेरेखोल आणि दक्षिणेला शापोरा या दोन नद्यांनी हेच काम केले आहे. इंग्रजी पुस्तकांत थंड देशांतल्या गवताळ खाऱ्या दलदलींची चित्रे असतात. आपल्याकडे तिच्या जागी खारफुटी आहे, आणि खारफुटीच्या आत माणसाने बांधलेले खाजण आहे. म्हणून पुस्तकातील चित्र डोळ्यांसमोर ठेवून कोणी निघाले तर त्याची निराशा होईल.

तारीख तिथीवरून का ठरविली

आता तारखेविषयी. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भूगोलात 'ज्वार-भाटा' हा धडा होता. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाची आकृती काढून आम्ही पूर्ण गुण मिळवीत असू. मात्र त्या धड्यावरून 'उद्या सकाळी नऊ वाजता पाणी कुठे असेल' हे कोणी सांगू शकला नसता, आणि कोणी विचारलेही नसते. कोकणातील व गोव्यातील मच्छीमार बांधव हे तिथीवरून सांगतात. मराठी शाळांतून पूर्वी शिकविला जाणारा ठोकताळा असा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले तीन भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यापासून सव्वासहा तास मागे किंवा पुढे गेले की ओहोटी. भरती रोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटे उशिरा येते, त्यावरच हा हिशेब बसविलेला आहे.

मुलांनो, हा ठोकताळा मुंबईकडच्या समुद्राला जास्त लागू पडतो हे लक्षात ठेवा. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती मुंबईपेक्षा साधारण तासभर आधी येते. मात्र आपण समुद्रावर जाणार नाही, नदीत आत जाणार आहोत. आणि पाणी नदीतून वर चढायला वेळ घेते, त्यामुळे तो तास बराचसा भरून निघतो. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून आपल्या भूगोल शिक्षकांनी काढायची आहे. तुम्ही मात्र घरच्या कालनिर्णयावरून आपापला हिशेब करून आणा. शिक्षकांचा आकडा, तुमचा आकडा आणि त्या दिवशी प्रत्यक्ष दिसलेले पाणी या तिन्हींत किती मिनिटांचा फरक पडला, हे वहीत लिहायचे आहे. फरक पडणारच. तो का पडला हे शोधणे हा या क्षेत्रभेटीचा पहिला अभ्यास.

पंचमीच का, हे आता कळेल. चिखलात वावरणारे जीव आणि खारफुटीची मुळे पाहायची तर सकाळी ओहोटी हवी. पंचमीला दुपारी पावणेचारच्या आसपास भरती, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा वाजता येईल, शिवाय त्या वेळी भांगाचे पाणी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गोव्यात पाण्याची चढ-उतार दोन-सव्वादोन मीटरपर्यंत जाते, भांगाला ती जेमतेम एक मीटर राहते. अष्टमीला गेलो तर पाणी पुरेसे उतरणार नाही आणि पुरेसे चढणारही नाही. अमावास्येला किंवा पौर्णिमेला जावे तर सकाळी आपण पोहोचेपर्यंत पाणी वर चढलेले. पंचमीला पाण्याची चढ-उतार बऱ्यापैकी असते आणि वेळाही शाळेच्या दिवसात बसतात. सकाळी चोडणला उघडा चिखल आणि दुपारी आगरवाड्याला बांधाला टेकलेली भरती, असे दोन्ही एकाच दिवशी दिसावे म्हणून ही तिथी. ती रविवारी आली तर उत्तमच. न आल्यास त्या आठवड्यातील रविवारी शाळा भरवून भरपाई करू. पाणी आपल्या सुटीची वाट पाहत नाही.

महिना माघच का, तर थंडीत आलेले पाहुणे पक्षी त्या वेळी अद्याप परत गेलेले नसतात आणि मिठागरात मीठ धरू लागलेले असते. पौषात गेलो तर पक्षी भरपूर पण मिठागरात नुसती चिखलाची डागडुजी. चैत्रात मीठ भरपूर पण पक्षी गेलेले आणि ऊन असह्य. फाल्गुनात आपल्या परीक्षा, पुढे शिगमो. त्या दिवसांत गावात कोणाला आपल्यासाठी वेळ नसतो.

चोडण

मयेमार्गे रस्त्याने आपण चोडणला पोहोचू. चोडण बेट तिसवाडी तालुक्यात येते, पण आपल्याला ते पणजीकरांपेक्षा जवळचे. बेटाच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ते १९८८ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) यांच्याविषयी प्रत्येक गटाने पाच वाक्ये वाचून यावीत. तिथे भाषण होणार नाही.

पक्षी किती दिसतील याची हमी नाही. बगळे आणि खंड्या दिसतील, तुतवार चिखलात चोची खुपसताना दिसतील. चाळीस मुले एकदम बोलू लागली तर तेही दिसणार नाहीत. म्हणून आमचा भर पक्ष्यांपेक्षा झाडांवर आणि चिखलावर आहे, कारण ती उडून जात नाहीत.

चिखलात हवा नसते. झाडाच्या मुळांना तर श्वास घ्यावा लागतो. ही अडचण निरनिराळ्या झाडांनी निरनिराळ्या प्रकारे सोडविली आहे. तिवर आणि चिपी यांची मुळे चिखलातून सरळ वर येतात, जणू कोणी पेन्सिली खोचून ठेवल्या आहेत. कांदळाने खोडापासून कमानीसारखे आधार सोडलेले असतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते. लांब शेंगेसारखे दिसते ते खरे तर कोवळे रोप असते आणि ते खाली चिखलात पडून उभे राहते किंवा पाण्याबरोबर दूर जाते. असे का करावे लागले असेल, याचा विचार तिथेच करा. मिठाचा प्रश्नही तसाच. कांदळ आपल्या मुळांपाशीच बरेचसे मीठ अडवितो. तिवर ते आत घेतो आणि पानांवाटे बाहेर टाकतो. कोरड्या सकाळी तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण हाताला लागतात. चव पाहायची झाली तर शिक्षकांनी दाखविलेल्या पानाचीच पाहायची. याच वनात पांढरा चीक येणारे एक झाड आहे आणि तो चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. कोणतेही पान किंवा फांदी तोडायची नाही हा नियम नुसता झाडांच्या भल्यासाठी केलेला नाही.

ओहोटीला निवट्या बाहेर येतात. मासा असून चिखलावर उड्या मारीत फिरणारा हा जीव मुलांना फार आवडतो असा अनुभव आहे. एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे बिळांच्या तोंडाशी दिसतील. ही बिळे नीट पाहून ठेवा. दुपारी त्यांचाच विषय निघणार आहे.

बांध आणि मानस

खारफुटी ही निसर्गाची करणी. खाजण मात्र माणसाच्या हाताचे आहे. खाडीकाठची सखल जमीन मातीच्या बांधाने वेढून भरतीचे पाणी बाहेर अडवायचे, पावसाने जमिनीतले मीठ धुऊन न्यायचे आणि तिथे भात पिकवायचे, ही विद्या गोव्यात फार जुनी आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या ताम्रपटांत खाजणाचा उल्लेख सापडतो. कोरगुट, असगो ही खारटपणा सोसणारी भाताची वाणे या जमिनीसाठीच पिढ्यानपिढ्या जपली गेली. आज गोव्यात सुमारे १७ ते १८ हजार हेक्टर खाजण जमीन सांगितली जाते. त्यातली सगळी लागवडीखाली नाही हे आपण गावोगाव पाहतोच.

बांधाला ठिकठिकाणी दार असते, त्याला मानस म्हणतात. पिळगावजवळच्या सारमानस या ठिकाणाच्या नावात हाच शब्द ऐकू येतो. तो तिथे कसा आला हे त्या भागातून येणाऱ्या मुलांनी घरच्या जाणत्या माणसांना विचारून यावे. मानशीची लाकडी दारे अशी बसविलेली असतात की बाहेरून भरती चढली की पाण्याच्याच दाबाने ती मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. वीज नाही, मोटार नाही, राखणदाराने रात्री उठायलाही नको. विज्ञानाच्या तासाला झडपेचे तत्त्व शिकविताना आम्ही हृदयाची आकृती काढतो. यापुढे मानशीचीही काढू.

बांधाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. मातीचा बांध दरवर्षी राखावा लागतो. खेकड्याच्या एका बिळातून आधी थेंब थेंब, मग धार, आणि उधाणाच्या एका रात्रीत भगदाड पडू शकते. एकाचा बांध फुटला तर पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते, म्हणून ही राखण कोणा एकाची कधीच नव्हती. ती गावकरीची, म्हणजे पोर्तुगीज अमलात जिला कोमुनिदाद म्हणू लागले त्या ग्रामसंस्थेची होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे न्यायाचे झाले. बांध राखण्याची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. काही ठिकाणी त्यांनी ती चोख पार पाडली, काही ठिकाणी बांधाला धनी उरला नाही. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो, आणि कोळंबीला भाव आल्यावर मानशीची दारे गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी ठेवण्याचा मोह वाढला. खारे पाणी आत राहिले की मासळी वाढते आणि भात जाते. आपल्या तालुक्यातून मांडवीत खनिजाचे बार्ज गेले, त्यांच्या लाटांनीही बांध खचले आणि खाणींचा गाळ शेतांत उतरला. त्याच खाणींवर आपल्या कितीतरी पालकांची घरे उभी राहिली, आणि २०१२ व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी खाणी थांबल्या तेव्हा या शाळेत फी भरण्याची मुदत वाढवून द्यावी लागली, हेही खरे आहे. या विषयावर मुलांनी घरी बोलावे. आजोबा एक सांगतील, बाबा दुसरे सांगतील. दोन्ही लिहून आणा.

आणखी एक कोडे मुलांपुढे ठेवतो. बांध फुटून पडीक राहिलेल्या खाजणात काही वर्षांत खारफुटी उगवते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, वा, किती हिरवेगार! शेतकऱ्याला मात्र ते आपले गेलेले शेत दिसते. खारफुटी तोडण्यास कायद्याने बंदी आहे, आणि सागरी किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातील खाजणांचेही रक्षण करावे असे म्हटले आहे. बांधाच्या बाहेरची खारफुटी लाटांचा जोर मोडून बांधाला वाचविते. तिथे ती हवीच. बांधाच्या आत उगवलेल्या खारफुटीचे काय करावे? आमच्याकडे याचे तयार उत्तर नाही. नववीच्या वादविवाद स्पर्धेसाठी आम्ही हाच विषय ठेवला आहे.

जाता जाता एक परंपरा सांगतो. फोंडा तालुक्यात बोरी, दुर्भाट या गावांत पौष अमावास्येला खाजणातील शेतकरी मातीची मगर घडवून तिची पूजा करतात. 'मानगे थापणी' असे तिला म्हणतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आजही आहेत. ज्या प्राण्याचे भय वाटते त्याचीच मूर्ती बांधावर थापायची, यामागे काय विचार असावा हे मराठीच्या शिक्षकांनी वर्गात चर्चेला घ्यावे.

आगरवाडा

दुपारी जेवण आटोपून म्हापसा, शिवोली असे करीत शापोरा नदीवरील पुलाने आपण चोपड्याला उतरू. आगरवाडा तिथून जवळ. आगर म्हणजे मिठागर. गावाच्या नावातच धंदा आहे. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे १७८८ मध्ये गेला आणि आपली डिचोली त्याआधी काही वर्षे, म्हणून हे दोन्ही तालुके 'नव्या काबिजादी'त मोडतात, हे इतिहासात आले आहेच.

मीठ होते कसे? 'सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होऊन मीठ उरते' हे पुस्तकी वाक्य चुकीचे नाही, पण ते वाचून कोणालाही मीठ पिकविता येणार नाही. पावसाळाभर मिठागर पाण्याखाली असते. दिवाळीनंतर ते पाणी काढून टाकायचे, साचलेला गाळ उपसायचा, लहान बांध पुन्हा घालायचे. मग तळाची चिकणमाती पायांनी तुडवून, फळीने चोपून अशी घट्ट करायची की पाणी जिरू नये आणि मिठात माती मिसळू नये. या कामात आठवडेच्या आठवडे जातात. त्यानंतर भरतीचे पाणी आत घ्यायचे. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे दाट करीत न्यायचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सर्व प्रकारचे क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम असतात, त्यांतले खाण्याचे मीठ सुमारे २७ ग्रॅम. शंभर लिटरचे पाणी वीस लिटरच्या आसपास आटले की आधी जिप्सम खाली बसते. दहा लिटरपर्यंत आटल्यावर मीठ धरू लागते. आणखी आटविले तर मॅग्नेशियमचे कडू क्षारही उतरतात, म्हणून उरलेले पाणी वेळेवर काढून टाकावे लागते. मिठाच्या वाफ्यात पाणी केव्हा सोडायचे आणि केव्हा थांबायचे, हे तिथली माणसे पाण्याच्या रंगावरून आणि अंगठा-बोटात चोळून ओळखतात. आपल्या प्रयोगशाळेत हा प्रयोग आधी करायचा आहे. भेटीत आणलेले एक लिटर खाडीचे पाणी नंतर आटवून पाहू. खाडीच्या पाण्यात ३५ ग्रॅम मिळणार नाहीत; किती कमी मिळाले त्यावरून नदीचे गोडे पाणी किती मिसळले होते याचा अंदाज बांधता येईल. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण घ्यावे अशी विनंती.

हे मीठ पूर्वी घाटावर जात असे. इंग्रजांना त्यांच्या हद्दीतील मिठावर कर हवा होता आणि गोव्याचे स्वस्त मीठ त्या कराच्या आड येत होते. २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातील मीठ उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले. तह १८९२ मध्ये संपला, पण तोवर या धंद्याला मोठा फटका बसला होता. पुढे १९३० मध्ये महात्मा गांधींनी दांडीला मीठ उचलले. हे सगळ्यांना पाठ असते. त्याच वर्षी मे महिन्यात तेरेखोल खाडीच्या पलीकडे, शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, हे आपल्या मुलांना सहसा माहीत नसते. शिरोडा पेडण्याला लागून आहे. त्या गावच्या शाळेत त्या वेळी वि. स. खांडेकर शिक्षक होते. १९२० ते १९३८ अशी वर्षे त्यांनी तिथे काढली. दांडी नकाशात शोधावी लागते, शिरोडा केरीच्या पलीकडे आहे.

आज मिठागरे कमी होत चालली आहेत. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. गलगंडासारखे विकार टाळण्यासाठी हे आवश्यक आहे आणि आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. पण त्यामुळे आगरच्या जाड मिठाला सुकी मासळी, कैरीची तोरे खारविणे आणि माडाच्या मुळाशी घालणे एवढेच गिऱ्हाईक उरले. काम कष्टाचे, उन्हाचे, चार महिन्यांचे. अवेळी पाऊस आला तर एका रात्रीत सगळे विरघळते. तरुण मुले या कामाला येत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. आपल्या मुलांनी मिठागरे चालवावीत अशी कोणाची अपेक्षा नाही. पण तळ कसा चोपायचा, पाणी केव्हा फिरवायचे हे जाणणाऱ्या माणसांकडून ऐकण्याची संधी आणखी किती वर्षे मिळेल हे सांगता येत नाही, आणि हे ज्ञान कुठल्या क्रमिक पुस्तकात नाही. विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी 'मिठागरात काय बघायचे' असे विचारले होते. त्यांनी स्वतः सोबत यावे असे आमचे आग्रहाचे निमंत्रण आहे.

मिठागरात वागण्याचा एकच नियम: वाफ्यात पाय टाकायचा नाही. चोपलेल्या तळावर उमटलेला एक ठसा म्हणजे कोणाचे तरी अर्ध्या दिवसाचे काम. बांधावरून एकामागून एक चालायचे. ती माणसे काम करीत असतील तर आधी थांबायचे. बोलावतील तेव्हाच जायचे. त्यांना मावशी, काका असेच म्हणायचे. फोटो विचारून काढायचा. आपल्याला समजावून सांगण्यात त्यांचा वेळ जातो, म्हणून शाळा त्यांना मानधन देईल आणि दोन पोती मीठही विकत घेईल. ते शाळेच्या आवारातील माडांना घालू. ज्यांना घरी न्यायचे असेल त्यांनी मासळी किंवा तोरे खारवण्यापुरतेच न्यावे.

व्यवस्थेविषयी

सुरक्षेचा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. एका बसमध्ये ४० विद्यार्थी आणि पाच शिक्षक असतील, प्रत्येक आठ मुलांमागे एक. दोन्ही ठिकाणी शिक्षकांची पाहणी आधी होईल, आणि तीही पंचमीलाच, पौष वद्य पंचमीला, म्हणजे पाणी तसेच असेल. चिखलात कोणी उतरणार नाही. जे पाहायचे ते पायवाटेवरून आणि बांधावरून दिसते. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज गेला आहे. खरा धोका पाण्यापेक्षा उन्हाचा आहे. टोपी, दीड लिटर पाणी, बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत. चपला घालून आलेल्या विद्यार्थ्यास बसमध्ये घेतले जाणार नाही; पालकांनी त्या सकाळी याबद्दल वाद घालू नये. दमा, चक्कर किंवा औषधांची ॲलर्जी असल्यास संमतीपत्राच्या मागे लिहावे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतील खाऊ आणू नये. जेवण शाळेकडून आहे: भाकरी, उसळ आणि कैरीचे लोणचे.

बस, जेवण, प्रवेश शुल्क आणि मानधन मिळून होणारा खर्च विद्यार्थी निधीतून अर्धा आणि पालकांकडून अर्धा असा वाटून घेण्याचा ठराव झाला आहे. ज्यांना शक्य नाही त्यांनी वर्गशिक्षकांना एकट्यात सांगावे. पैशांसाठी एकही मूल मागे राहणार नाही, आणि कोणी पैसे भरले नाहीत हे वर्गात कळणार नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही, पेन्सिल आणि झाकणाची एक लिटरची रिकामी बाटली आणावी. गटांची नावे फलकावर लागतील. भरतीचा हिशेब केलेला कागद संमतीपत्रासोबत पौष अमावास्येपूर्वी वर्गशिक्षकांकडे द्यावा. कागद स्वतःच्या हाताने लिहिलेला असावा. आजोबांनी मदत केली असल्यास खाली त्यांची सही घ्यावी.